गेम कुणाला किती जड जावा, हे ठरतं कसं?

नवीन गेम टाकला, सुरू केला, अजून एक बटणही दाबलेलं नाही आणि समोर प्रश्न येतो: इझी, नॉर्मल की हार्ड? आता आपल्याला काय माहीत. या गेममध्ये हार्ड म्हणजे शत्रू हुशार होतात, की नुसते जास्त गोळ्या खाऊन मरतात, की आपल्याला औषधं कमी मिळतात, काहीच कळायला मार्ग नाही, तरी उत्तर द्यावंच लागतं, आणि बहुतेक जण नॉर्मल दाबून मोकळे होतात कारण इझी दाबायला लाज वाटते. १९९२ च्या वुल्फनस्टाइन थ्रीडीमध्ये तर सगळ्यात सोपा पर्याय निवडला की हिरोच्या डोक्यावर बाळाचं टोपरं आणि तोंडात चोखणी दिसायची. म्हणजे लाज वाटावी अशीच सोय.

माझं मत विचाराल तर हा प्रश्नच अर्धवट आहे. "किती अवघड हवं" असं विचारताना गेम धरून चालतो की खेळणाऱ्याचं कौशल्य म्हणजे एक आकडा, कुणाचा तीन, कुणाचा आठ. तसं कुठे असतं. एकाचा हात झपझप चालतो पण नकाशा डोक्यात राहत नाही. दुसरा दहा मिनिटं विचार करून एक चाल करणार, डावपेचांच्या गेममध्ये त्याला हरवणं मुश्कील, पण त्याच्या हातात शूटिंगचा गेम दिला की कंट्रोलरच्या दोन्ही काड्या एकत्र हलवताच येत नाहीत, एक तर चालतो नाहीतर बघतो, दोन्ही एकदम नाही. तिसरीला सगळं येतं पण दिवसातून अर्धाच तास मिळतो आणि चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून परत सुरू होतं त्या जागा, लांब लांब असले की तो अर्धा तास त्याच त्या रस्त्याने परत चालण्यात जातो. तिघंही म्हणणार "गेम जड जातोय", आणि तिघांना मदत मात्र पूर्ण वेगळी लागते. एका बटणाने तिघांचं काम कसं व्हायचं?

पूर्वी हा विचार फारसा कुणी करत नव्हतं, कारण आर्केड मशीनमध्ये अवघडपणा हा धंद्याचाच भाग होता. नाणं टाका, काही मिनिटं खेळा, मरा, परत नाणं टाका. मशीनच्या आत बारीक स्विच असायचे, ते वरखाली करून किती लाइफ द्यायच्या, किती स्कोअरला एक्स्ट्रा लाइफ द्यायची हे मशीन चालवणारा ठरवायचा, म्हणजे डिफिकल्टी सेटिंग तेव्हाही होतं, फक्त खेळणाऱ्याच्या हातात नव्हतं. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्सची गंमत अनेकांनी ऐकली असेल. ५५ परग्रहवासी रांगेत, आपण एकेक उडवत जातो तसे उरलेले भरभर सरकायला लागतात. ते बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोने हे आधी योजलेलं नव्हतं, त्या काळच्या प्रोसेसरला एवढ्या आकृत्या हलवताना धाप लागायची, आकृत्या कमी झाल्या की तो मोकळा होऊन वेग पकडायचा, आणि खेळायला मजा येतेय म्हटल्यावर त्याने ते तसंच ठेवलं.

आता थोडी थिअरी, पण फार नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय नावाच्या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात "फ्लो" ही कल्पना मांडली आणि गेम बनवणाऱ्यांनी ती अगदी डोक्यावर घेतली. गाभा साधा आहे: आव्हान आपल्या कुवतीपेक्षा फार मोठं असेल तर घाबरायला होतं, फार छोटं असेल तर कंटाळा येतो, आणि दोन्ही जुळलं की माणूस तहानभूक विसरून रमतो. यातली गोम अशी की खेळता खेळता कुवत वाढत जाते, त्यामुळे पहिल्या तासाला बरोबर बसलेलं आव्हान पाचव्या तासाला पांचट वाटणार, म्हणजे अवघडपणा चढत जायला हवा. पण किती वेगाने? प्रत्येकाची कुवत वेगळ्या वेगाने वाढते, आणि सगळं घोडं इथेच पेंड खातं.

शिवाय सतत चढत जाणारा अवघडपणाही माणसाला झेपत नाही, मध्ये श्वास घ्यायला जागा लागते. २००८ च्या लेफ्ट फोर डेडमध्ये हे फार छान केलंय. चार जण मिळून झॉम्बींच्या गर्दीतून वाट काढतात आणि पडद्यामागे एक "डायरेक्टर" नावाचा प्रोग्रॅम बसलेला असतो, तो प्रत्येकावर किती ताण आलाय याचा अंदाज लावत राहतो, किती मार लागला, किती झॉम्बी अगदी अंगाशी येऊन मेले वगैरे. ताण शिगेला पोचला की तो नवीन झुंडी पाठवणं थांबवतो, साधारण ३० ते ४५ सेकंद शांतता देतो, आणि मग परत सुरू. तोच रस्ता दुसऱ्यांदा खेळलात तरी हल्ला वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी. इथे मोजलं जातंय ते कौशल्य नव्हे, दमणूक, आणि मला तरी हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

बरं, हार्ड करायचं म्हणजे नक्की काय करायचं? सगळ्यात आळशी उपाय म्हणजे शत्रूची हेल्थ दुप्पट आणि त्याचा मार दुप्पट. एक साधा गुंड, डोक्यात गोळी घातली तरी उभाच, दुसरी घातली तरी उभाच, आपण अर्धं मॅगझिन त्याच्यावर रिकामं करतोय आणि तो स्पंजासारखा गोळ्या पितोय. यात आपल्याला नवीन काही करावं लागत नाही, तेच जास्त वेळ करावं लागतं. याउलट १९९३ चं डूम बघा, तिथे लेव्हल तीच पण वरच्या डिफिकल्टीला राक्षस जास्त आणि जास्त खतरनाक जातीचे, त्यामुळे तुमची वाटच बदलते. १९९७ च्या गोल्डनआय डबल ओ सेव्हनमध्ये तर वरच्या पातळीवर मिशनमध्ये कामंच वाढायची, खालच्या पातळीवर जिथून सरळ पळून जाता यायचं तिथे आता आत शिरून आणखी काहीतरी करून यायचं, म्हणजे नकाशाचे कधी न पाहिलेले कोपरे बघायला लागायचे. असं हार्ड कुणालाही आवडेल.

सगळं जगच खेळणाऱ्याच्या लेव्हलप्रमाणे, म्हणजे त्याच्या पात्राच्या वाढत्या ताकदीप्रमाणे, वाढवायचं, हाही एक प्रयोग झाला. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये आपण ताकदवान झालो की रस्त्यावरचे लुटारूही ताकदवान होतात, इतके की शेवटी शेवटी फाटके दरोडेखोर अत्यंत महागडी चिलखतं घालून आपल्याकडे थोडी नाणी मागायला येतात. अरे बाबा, ते चिलखत विक आणि सुखाने जग. हसण्याचं सोडा, पण यात खरं नुकसान हे की आपण मोठे झालो असं कधी वाटतच नाही. सुरुवातीला ज्याने बदडलं त्याला नंतर येऊन सहज लोळवणं यात एक सुख असतं, ते इथे हिरावून घेतलं जातं.

आता येतो छुपा मार्ग, म्हणजे खेळणाऱ्याला न सांगता गेमनेच आपोआप ढिलं-घट्ट करायचं. क्रॅश बँडिकूटमध्ये नव्वदच्या दशकातच हे होतं, एकाच जागी सारखं मरत राहिलात की गेम गुपचूप एक मास्क द्यायचा, म्हणजे एक धक्का फुकट. २००५ च्या रेझिडेंट इव्हिल फोरमध्ये आत एक लपलेली पट्टी असते, नीट खेळत असाल तर ती वर सरकते आणि शत्रू आक्रमक होतात, मरत राहिलात तर खाली येते, शत्रू जरा मऊ पडतात, काही ठिकाणी तर त्यांची संख्याच कमी होते. कित्येक लोकांनी हा गेम पूर्ण केला आणि त्यांना पत्ताही लागला नाही.

पत्ता लागत नाही तोवर हे झकास चालतं. लागला की मात्र दोन लोचे. एक, चलाख लोक मुद्दाम मरून किंवा मुद्दाम वाईट खेळून पुढचा भाग सोपा करून घेतात. दुसरा लोचा जास्त खोल आहे: तासभर झुंजून बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा बडा शत्रू, मारला, हात थरथरतायत, आनंद गगनात मावत नाही, आणि मग मनात किडा येतो की हा मी मारला का गेमला माझी दया आली? एकदा हा किडा शिरला की आधीचे विजयही संशयास्पद वाटायला लागतात. २००६ च्या गॉड हँडने यावर सरळ उपाय केला, पट्टी स्क्रीनवरच दाखवली. चांगलं खेळाल तसा आकडा चढतो, १, २, ३ आणि त्याच्या वर चक्क "डाय", म्हणजे मर, आणि आकडा वर ठेवणं हीच फुशारकी होऊन बसते. तीच यंत्रणा, फक्त पडदा काढला.

लपवाछपवीचा विषय निघालाच आहे तर आकड्यांचं सांगतो. सिव्हिलायझेशनवाले सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात एक मजेशीर निरीक्षण सांगितलं होतं. लढाईआधी गेम शक्यता दाखवतो, समजा ३ विरुद्ध १ आपल्या बाजूने. गणिताने चार लढायांत एक हरायला हवी. पण लोक हरले की चिडायचे, तीन आणि एक म्हणजे मी जिंकणारच ना! आणि तेच १ विरुद्ध ३ असताना जिंकले तर कुणाची काही तक्रार नाही, तिथे आपलं डोकं चाललं असं वाटतं. मग गेममध्येच खेळणाऱ्याच्या बाजूने थोडा हात दिला गेला. फायर एम्ब्लेम मालिकेतल्या २००२ पासूनच्या बऱ्याच भागांत तर याचं पक्कं गणित आहे. नेम लागायची शक्यता ९० टक्के दाखवली की आतून एक नाही, दोन रँडम आकडे काढले जातात, त्यांची सरासरी घेतली जाते आणि ती ९० च्या खाली आली की नेम लागला. दोन आकड्यांची सरासरी टोकाला क्वचितच जाते, त्यामुळे दाखवलेले ९० टक्के प्रत्यक्षात ९८ होतात, आणि दाखवलेले १० टक्के उतरून २ वर येतात. शत्रूलाही हाच नियम, पण सहसा आपले नेम वरच्या आकड्यांचे आणि शत्रूचे खालच्या, त्यामुळे फायदा आपलाच. खोटं आहे का? आहे. पण आपल्याला "नव्वद टक्के" म्हणजे जे वाटतं त्याच्याशी हे खोटं खऱ्यापेक्षा जास्त जुळतं.

आणखी एक छुपी मदत आहे, तिच्यावर मात्र माझा काडीचाही आक्षेप नाही. प्लॅटफॉर्मवरून उडी मारायचे गेम घ्या. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलीसेकंद. कडेवर पोचलात, शक्य तितक्या शेवटच्या क्षणी उडी मारायची आहे, बोट बटणावर, डोळ्याला कड दिसली, मेंदूने ठरवलं, बोट दाबलं गेलं, तोवर पात्राचा पाय कडेच्या दोन फ्रेम पुढे गेलेला. गणिताने बघितलं तर तुम्ही हवेत आहात, हवेतून उडी मारता येत नाही, पडा. पण तुमच्या मनाने तुम्ही कडेवरूनच दाबलं होतं! म्हणून चांगल्या गेममध्ये कड सोडल्यावरही काही फ्रेम उडीचं बटण चालतं, याला कोयोटी टाइम म्हणतात. तसंच जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तर गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकल्याबरोबर उडी देतो. २०१८ च्या सेलेस्टमध्ये हे दोन्ही आहे, वर उडी मारताना डोकं कोपऱ्याला जेमतेम घासत असेल तर गेम पात्राला बाजूला सरकवून वर जाऊ देतो हेही आहे, आणि हा गेम अवघड म्हणून प्रसिद्ध आहे बरं का. नवख्याला याचा फायदा सगळ्यात जास्त, मुरलेल्यालाही होतोच पण त्याला जाणवत नाही, आणि कुणाचा विजय खोटा ठरत नाही कारण गेम फक्त तुमच्या मनातलं ओळखतोय.

त्याच सेलेस्टमध्ये उघड मदतही आहे, असिस्ट मोड. गेमचा वेग कमी करत करत अर्ध्यावर आणता येतो, दम न संपण्याची सोय आहे, अगदीच हवं तर मरणच बंद. महत्त्वाचं हे की प्रत्येक गोष्ट सुटी निवडता येते. वर जो झपझप हात नसलेला माणूस होता त्याने वेग ७० टक्के केला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर कोडं सोडवायची मजा शाबूत राहते, फक्त बोटांना वेळ मिळतो. २०२० च्या हेडीसमध्ये गॉड मोड नावाचं प्रकरण आहे, चालू केलं की मार २० टक्के कमी लागतो आणि प्रत्येक मरणागणिक त्यात २ टक्क्यांची भर, ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे जेवढी गरज तेवढीच मदत साठत जाते, कधीतरी तुमची वाढती कुवत आणि साठत गेलेली मदत यांची गाठ पडते आणि तुम्ही पार होता. पट्टी इथेही आपोआपच सरकते, पण चालू तुम्ही केलेली आहे आणि आकडा तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तो संशयाचा किडा येत नाही.

आणि २०२० चाच द लास्ट ऑफ अस पार्ट टू, यात डिफिकल्टीचे पाच सुटे भाग केलेत: आपल्याला लागणारा मार, शत्रू, सोबती, लपून जाणं आणि सामान. शत्रू हुशार हवेत पण गोळ्या भरपूर हव्यात, असं ठरवता येतं. शिवाय साठावर अॅक्सेसिबिलिटी सेटिंग्ज, त्यातल्या कित्येक अशा की ज्यांच्याविना काही लोकांना गेम हातातच घेता आला नसता, उदाहरणार्थ बटण भराभर बडवायच्या ऐवजी नुसतं दाबून धरणं. ज्याच्या बोटात दुखणं आहे त्याच्यासाठी बडवणं हे आव्हान नाहीच, ती नुसती बंद दारासारखी अडचण आहे. गेमने आव्हान कशाचं ठेवलंय आणि आडवं काय येतंय हे वेगळं काढता आलं पाहिजे, आणि हे पाच भाग करणं म्हणजे तेच काढणं.

मग लगेच कुणीतरी अवघडपणासाठी गाजलेल्या डार्क सोल्सचा झेंडा घेऊन येतो की बघा, डिफिकल्टी सेटिंगच नाही आणि तरी लोक वेडे आहेत. खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. डार्क सोल्सवाल्यांच्याच २०२२ च्या एल्डन रिंगमध्ये मेन्यूत सेटिंग नाही, ते जगात पसरून ठेवलंय. सुरुवातीलाच किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा बॉस भेटतो आणि नवख्याला धू धू धुतो. तुम्ही तिथेच डोकं आपटत बसू शकता, किंवा पाठ फिरवून दुसरीकडे जा, लेव्हल वाढवा, तलवार सुधारा, मदतीला आत्मे बोलवायला शिका, दुसऱ्या खेळाडूला हाक मारा, आणि मग परत या. म्हणजे इझी मोड आहेच, तो शोधावा लागतो आणि शोधल्याचं श्रेय आपल्याला मिळतं. युक्ती फार सुंदर आहे, पण ज्याची अडचण बोटांच्या वेगाचीच आहे त्याला लेव्हल वाढवून एका हद्दीपर्यंतच मदत होते, हे या झेंडेवाल्यांना ऐकायचं नसतं.

हे सगळं बसवायचं कसं? बनवणाऱ्याच्या अंदाजावर तर अजिबात नाही, कारण जो माणूस महिनोन्‌महिने तीच लेव्हल रोज खेळतोय त्याला ती सोपीच वाटणार. म्हणून बाहेरचे लोक बसवून त्यांना खेळताना बघायचं आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. हॅलो थ्री हा शूटिंगचा गेम बनवताना लोक नकाशावर नेमके कुठे कुठे मरतात याचे ठिपके काढून बघितले जायचे, आणि ज्या कोपऱ्यात ठिपक्यांचा गोळा दिसला तिथे बघायचं की आव्हान आहे की लोकांना वाटच कळत नाहीये. यातलं दुसरं बहुतेक वेळा एक दिवा लावून सुटतं.

माणसं एकमेकांविरुद्ध खेळतात तेव्हा गोष्ट वेगळी, तिथे अवघडपणा म्हणजे समोरचा माणूस. त्यामुळे गेमचं मुख्य काम योग्य जोड शोधणं. पाया बुद्धिबळातला, आर्पाद एलो यांची रेटिंग पद्धत, दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून सरासरी शंभरातले ७६ गुण अपेक्षित, ४०० चा असेल तर ९१. अपेक्षेपेक्षा चांगलं केलं की रेटिंग वाढतं, वाईट केलं की घटतं, बस. मायक्रोसॉफ्टच्या ट्रूस्किलने त्यात एक हुशारी घातली, प्रत्येकाचा अंदाजे दर्जा आणि शिवाय त्या अंदाजाची खात्री किती, असे दोन आकडे. नव्या माणसाबद्दल खात्री कमी, म्हणून त्याचा आकडा सुरुवातीला मोठ्या उड्या मारतो, जुन्याचा हळूहळू सरकतो. तक्रारी मात्र संपत नाहीत, कारण जोड जितकी अचूक तितके तुम्ही निम्म्या मॅच हरणार, कितीही सुधारलात तरी. आणि मग काही जण नवीन अकाउंट उघडून नवख्यांना बदडायला खाली उतरतात, त्यांच्याबद्दल चांगलं काही लिहिण्यासारखं नाही.

पण एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघांत जोड शोधायची सोय नसते, जो आहे तो आहे. मारियो कार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमने त्यासाठी नशीब वाकवलं, पुढे असाल तर खोक्यातून केळ्याची साल मिळते, मागे असाल तर सगळ्यांवर पडणारी वीज किंवा आपल्याला भरधाव पुढे नेणारा बुलेट बिल नावाचा तोफगोळा, आणि पहिल्या नंबराला शोधत जाणारं ते काटेरी कवच १९९६ पासून मैत्र्या तोडतंय. मुरलेला माणूस यावर चरफडतो, आणि खरं सांगायचं तर शेवटच्या वळणावर कवच आदळतं तेव्हा मीही चरफडतो. मला २०१७ च्या मारियो कार्ट एट डिलक्समधली स्मार्ट स्टीअरिंगची सोय जास्त पटते, ती गाडी आपोआप रस्त्यावर ठेवते, लहान मूलसुद्धा खड्ड्यात न पडता शर्यत पूर्ण करतं, आणि बदल्यात गवतातून जाणारे काही शॉर्टकट बंद होतात, त्यामुळे कुणी ती जिंकण्यासाठी वापरत नाही. त्याहून वेगळा रस्ता २००७ च्या सुपर मारियो गॅलक्सीचा. दुसरा माणूस उड्या मारतच नाही, तो फक्त पडद्यावर बाण फिरवून चांदण्या गोळा करतो आणि शत्रूला जागच्या जागी धरून ठेवतो, त्याला मरण नाही आणि त्याच्यामुळे पहिल्याचं खरंच काम होतं. दोघांची तुलनाच होत नाही, त्यामुळे कमीजास्तीचा प्रश्न येत नाही. घरात ज्याने कधी कंट्रोलर धरला नाही अशा कुणाला खेळायला बसवायचं असेल तर असला गेम शोधा, आणि चांगल्या हाताच्या माणसाला आधी बजावून ठेवा की सारखं "अगं तिकडे, तिकडे" करायचं नाही.